पाहुणे, ती खिडकी लावा

मे महिन्यात नागपुरात आलेला पुण्या-मुंबईकडचा पाहुणा लगेच ओळखू येतो. सकाळी तो आमच्या उन्हाबद्दलचे ऐकीव विनोद आम्हालाच ऐकवतो, दुपारी आमरसाची तिसरी वाटी ‘पुरे, पुरे’ म्हणत संपवतो आणि दोनच्या सुमारास खिडकीपाशी जाऊन ‘जरा वारा येऊ द्या’ म्हणत कडी काढतो. त्या कडीचा आवाज नागपूरकराला गाढ झोपेतही ऐकू येतो. तीन खोल्यांतून तीन माणसं ओरडत उठतात. फक्त आजी डोळेही उघडत नाही. कूस बदलता बदलता ती म्हणते, “पाहुणे, ती खिडकी लावून घ्या नं जी.”

पाहुण्याचा यात दोष नाही. तो वाढला तिथे खिडकी उघडण्यासाठीच असते. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत हवा बत्तीस-तेहतीसची, पण ओलीचिंब. अंगावरचा घाम वाळायला वाऱ्याची झुळूक लागते. म्हणून कोकणातल्या घराला चहूबाजूंनी वाटा असतात, पुढे-मागे पडवी असते आणि वर उंच उतरतं छप्पर. नागपूरच्या मेमध्ये बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि माणसाची कातडी असते पस्तीसच्या आसपास. आता या हिशेबात वारा आला म्हणजे काय आलं? दहा अंश घरपोच आले. आमच्याकडे सकाळी नऊच्या आत घर बंद करायचं आणि सूर्य कलल्यावर हात बाहेर काढून, अंदाज घेऊन उघडायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. ‘हवेशीर घर’ ही जाहिरात नागपुरात तरी वर्षाचे बारा महिने करू नये.

या उन्हाचा आम्हाला त्रास होतो, पण त्याहून जास्त त्याचा अभिमान वाटतो. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ पर्यंत गेला होता; त्या दिवशी आपण कुठे होतो, हे प्रत्येक नागपूरकर सांगू शकतो. (बहुतेक घरी होते. पण सांगताना सीताबर्डीच्या चौकात होते.) २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. या नऊ दिवसांत पारा चढला नाही, तर आपल्यावर काही अन्याय झाला अशी चर्चा पानठेल्यांवर ऐकू येते. आणि मे २०२४ अखेरीस तर कमाल झाली. रामदासपेठेतल्या कृषी विद्यापीठाच्या शेतावर हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे. त्याने चक्क ५६ अंश दाखवले. सोनेगावच्या केंद्राने ५४. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा १९१३ चा जागतिक विक्रम ५६.७ चा; म्हणजे दशांश सात अंशांनी आमचं नाव हुकलं. शहरातलं तिसरं एक केंद्र मात्र त्याच दिवशी मुकाट्याने ४४ दाखवत होतं. मग खुलासा आला, की यंत्रातच बिघाड आहे. दुसऱ्या एखाद्या शहराने सुटकेचा निःश्वास टाकला असता. आमच्या गल्लीत मात्र एकजण हळहळत म्हणाला, “विदर्भाचं काही चांगलं होऊन रायलं, की यायले पाहवतच नाही.”

माणसाला घरात कधी बरं वाटतं, याचंही शास्त्र आहे. डेन्मार्कच्या फँगर नावाच्या प्राध्यापकाने १९७० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या कॉलेजच्या पोरांना बंद खोलीत बसवायचं, तापमान कमी-जास्त करायचं आणि विचारत राहायचं, की आता कसं वाटतंय. उत्तरासाठी सात पायऱ्यांची पट्टी. एका टोकाला थंड, दुसऱ्या टोकाला गरम, मध्ये शून्य, म्हणजे काहीच तक्रार नाही. कपड्यांचंही माप आहे. ते १९४१ पासून चालत आलंय आणि त्याला ‘क्लो’ म्हणतात. पूर्ण सूट घातलेला साहेब म्हणजे एक क्लो. आमचे मोठे काका मे महिन्यात ज्या वेषात दार उघडतात, तो शून्याच्या इतका जवळ आहे, की कुरिअरवाला मान वळवून सही घेतो.

ही पट्टी नागपुरात चालणार नाही, असं माझं मत आहे. उन्हाला आम्ही घाबरतो म्हणून नाही. नागपूरकर आजच्या हवेबद्दल बोलतच नाही म्हणून. मेमध्ये विचाराल तर “मागल्या साली होतं तसं नाही” असं ऐकाल. जानेवारीत विचाराल तर “हे काय थंडी आहे काय, थंडी तं तेव्हा होती,” आणि डिसेंबर २०१८ मधल्या साडेतीन अंशांची आठवण. शून्यावर, म्हणजे ‘काहीच तक्रार नाही’वर, बोट ठेवणारा माणूस सापडलाच तर तो नुकताच गोंदियाहून बदलून आला असेल.

पुढे काही शहाण्या संशोधकांना शंका आली, की वातानुकूलित खोलीतल्या पोरांना जे सोसत नाही, ते बाकीच्या जगाला सोसत असेल. फर्गस निकोल यांनी १९७४ मध्ये रुरकी आणि बगदादच्या लोकांच्या नोंदी तपासल्या, तर तिथली माणसं पंख्याखाली तिशीच्या वरही सुखाने बसलेली निघाली. माणूस हवेला सरावतो, कपडे उतरवतो, जागा बदलतो, पाणी पितो. मग अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये भारतासाठी वेगळं सूत्र मांडलं. नैसर्गिक हवेच्या इमारतीत बाहेरची महिन्याभराची सरासरी तीस असली, तर आत एकोणतीस अंशही माणसाला मानवतात, असं ते सूत्र सांगतं. ऐकून बरं वाटलं. मग कळलं, की त्यासाठी पाहणी झाली ती अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांत. नागपूरचं हवामान दिल्लीच्या गटात मोडतं, म्हणून आमच्या उकाड्याचंही प्रतिनिधित्व दिल्लीनेच केलं. विदर्भाच्या अनुशेषात हा एक आकडा कुणी अजून धरलेला नाही.

शास्त्र पुरे. या उन्हाला जुन्या नागपूरने काय उत्तर काढलं, ते पाहायला आता वाड्याकडे येऊ. भोसल्यांनी अठराव्या शतकात नागपूर राजधानी केली आणि महाल भागात वाडे उभे राहिले. चिटणवीसांचा वाडा, बाकाबाईचा वाडा ही मोठी नावं. आम्ही लहान वाड्यांतली माणसं, पण रचना तीच. रस्त्याला लागून ओटा, आत छपरी, मध्ये चौक, चौकाभोवती बैठक, माजघर, देवघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि विहीर. माडीवर कवेलू. ज्यांना माडी परवडली नाही त्यांच्याकडे सागाच्या कड्यांवर पांढऱ्या मातीचं धाबं. भिंती दोन-दोन फूट रुंद, मातीच्या.

सगळी गंमत त्या भिंतीत आहे. सकाळी दहाला ऊन भिंतीला लागतं आणि आत शिरायला निघतं. दोन फूट माती पार करायला त्याला निदान दहा-बारा तास लागतात. वसुलीला आलेल्या माणसासारखं ते रात्री उशिरा माजघरात पोचतं तेव्हा घरात कुणीच नसतं; सगळे चौकात नाहीतर धाब्यावर पथाऱ्या टाकून झोपलेले. मग रात्रभर भिंती तापलेलं अंग निववतात, गार हवा जड म्हणून वरून चौकात उतरते, गरम हवा कवेलूंच्या फटींतून निघून जाते आणि पहाटे घर पुन्हा दिवसाला तोंड द्यायला तयार. सायंकाळी चौकात सडा पडला, की त्या पाण्याची वाफ होताना आणखी थोडी उष्णता जाते. वीज नाही, बिल नाही.

म्हणून वाड्यांवर जाडजूड रंगीत पुस्तकं निघतात, वास्तुकलेचे विद्यार्थी मोजमापं घ्यायला येतात आणि आमचे पूर्वज किती शहाणे होते, असं सगळे म्हणतात. होतेच शहाणे. पण ते दुपारी एक ते चार काही काम करत नव्हते, हीसुद्धा त्या वास्तुरचनेतली एक भिंत समजा. ती पाडून, दुपारी दोनला मीटिंग ठेवून, वाड्यात गार वाटायला पाहिजे म्हणाल तर नाही वाटणार.

शिवाय वाड्यात गार वाटायचं म्हणजे नेमकं कुणाला, हे पुस्तकात नसतं. आमच्या वाड्यात सगळ्यांत गार जागा होती माजघराच्या उत्तरेच्या भिंतीला, देवघराच्या दारालगत. ती आबाजींची, म्हणजे आजोबांची. तिथे त्यांची चटई, पाण्याची सुरई आणि पंखा हलवायला एक नातू. नातवांची पाळी असायची, पण पाळी कुणाची हे विसरण्याचं काम आबाजी मोठ्या खुबीने करत आणि अभ्यासात मागे असलेल्याच्या हाती पंखा जाई. त्यानंतरची गार जागा थोरल्या काकांची. मग धाकटे. छपरीत भाचे आणि आलेगेले. भाडेकरू पश्चिमेच्या खोल्यांत, कारण त्या भाड्याने द्यायलाच बांधल्या होत्या. नव्या लग्नाच्या जोडप्याला माडीवरची खोली मिळे. थेट कवेलूंखाली, दुपारी भाकरी भाजून निघावी इतकी तापलेली. एकांताची किंमत अंशांत मोजून घेतली जात होती. त्या काळी मे महिन्यात लग्नं का लावत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आणि बायका? लाकडाची चूल मेमध्येही दोन वेळा पेटायची. पंधरा-वीस पानं उठायची. ती आवरली, की धाब्यावर कुरडया आणि सरगुंडे वाळत घालायचे, कारण ऊन चांगलं आहे. दुपारी घर निजलं, की हाच काय तो वेळ म्हणून गहू निवडायचे. उकाड्याचा अभ्यास करणारे लोक काळा पोकळ गोळा खोलीच्या मध्यावर टांगून तापमान घेतात. तो कुणी चुलीपासून दोन हातांवर टांगला असता, तर वाड्यावरची निम्मी पुस्तकं निघाली नसती. मला वाडा आवडतो. पण त्याच्याबद्दल गहिवरून बोलणारे बहुतेक सगळे पुरुष असतात आणि एसीत बसून बोलतात, एवढं नोंदवून पुढे जातो.

मग वाटण्या झाल्या, वाडे पडले, आणि आम्ही प्लॉटवर गेलो. नऊ इंची विटांच्या भिंती, वर पाच इंची स्लॅब. या स्लॅबला दहा तासांचा धीर नाही. दुपारी पडलेलं ऊन तीन-चार तासांत आत येतं आणि मध्यरात्र उलटली तरी जात नाही. स्लॅबच्या खाली झोपायचं की वर, एवढाच प्रश्न उरतो, म्हणून वर झोपतात. गच्चीला चुना लावला तर निम्मं ऊन परत जातं, आणि हा उपाय महापालिकेच्या उष्माघाताच्या आराखड्यांपासून सगळे सांगतात. सूर्याला चुना लावायची ही एकमेव संधी. पण गच्चीवर जाऊन तो लावणार कोण, यावर दरवर्षी जून उजाडतो.

तरी काळाने एक न्याय केला. नव्या घराचा नकाशा वास्तुशास्त्राप्रमाणे काढला गेला आणि घरच्या कर्त्याची खोली नैर्ऋत्येला आली. नैर्ऋत्य म्हणजे दुपारभर उन्हाच्या तोंडावरचा कोपरा. दोनशे वर्षं माजघराच्या उत्तरेला लोळलेला नागपूरचा कर्ता पुरुष अखेर घरातल्या सर्वांत तापलेल्या खोलीत राहायला गेला, तेही विधिवत पूजा करून. मोठे काका आजही सांगतात, की त्या खोलीत झोप लागत नाही पण प्रगती फार झाली.

या सगळ्याला उतारा म्हणून कूलर आला. हा आमचा खरा ग्रामदेव. त्याचा पूर्वज इंग्रजांच्या बंगल्यांत होता. दारांना वाळ्याच्या ताट्या आणि बाहेर उन्हात उभा राहून त्यांवर दिवसभर पाणी मारणारा माणूस. पुढे एकोणिसाव्या शतकात हाताने फिरवायच्या पंख्याचं ‘थर्मँटिडोट’ नावाचं एक धूडही आलं. साहेब आत गार, फिरवणारा बाहेर गरम. कूलरने त्या माणसाच्या जागी मोटर आणि टुल्लू पंप बसवला. हवा कोरडी असेल तर हा पत्र्याचा डबा खरोखर कमाल करतो. तासाला पाचेक लिटर पाण्याची वाफ झाली, की एक टनाच्या एसीइतकी उष्णता हवेतून निघून जाते. मेच्या दुपारी हवेत दमटपणा पंधरा-वीस टक्के, तेव्हा बाहेरच्या चव्वेचाळीसचे कूलर आत अठ्ठावीस-तीस करून देतो. वर ओल्या वाळ्याचा वास फुकट. एसीवाल्यांनी एवढं तंत्रज्ञान आणलं, पण तो वास काही त्यांना जमला नाही.

फक्त कूलरची एक अट आहे आणि ती प्रत्येक नागपुरी घरात वादाचं कारण आहे. त्याने आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट लागते. समोरचं दार किंचित उघडं ठेवावं लागतं. ज्या कुळाला शतकानुशतकं ‘दार लावा’ शिकवलं, त्याला आता ‘दार उघडा’ सांगायचं. मोठे काका कूलर लावतात आणि घट्ट दार लावून बसतात. “अबे, थंडी निघून जाते नं बाहेर!” तासाभरात खोलीत ओल साचते, उशीचा अभ्रा चिकटतो आणि काका म्हणतात, यंदा ताट्या चांगल्या नाही मिळाल्या. चुलतभावाने एकदा त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेऊन काकांनी विचारलं, “तू दार लावलं का येताना?”

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि सगळा कारभार उलटा होतो. जुलैत हवा तिशीची असते, दमटपणा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. आता कूलर फार तर दोन अंश उतरवतो आणि बदल्यात घरभर दमटपणा देतो. नागपूर अचानक रत्नागिरी झालेलं असतं. समुद्र तेवढा दिलेला नसतो. आता खरं तर खिडक्या सताड उघडायला पाहिजेत, अंगावरून वारा जायला पाहिजे. पण खिडकीत कूलर आहे. तो काढायला दोन माणसं, एक शिडी आणि एक रविवार लागतो, आणि हे तिन्ही दिवाळीच्या आत एकत्र येत नाहीत. चार महिने तो घरातली सर्वांत चांगली खिडकी अडवून, पोटात हिरवं पाणी घेऊन बसतो. मग महापालिकेचे लोक डेंग्यूच्या अळ्या शोधत येतात, टाकी पाहून मान हलवतात. त्यांच्यासमोर काका गंभीर चेहऱ्याने म्हणतात, “उद्याच काढणार होतो.”

नागपूरच्या हवेचा खरा अभ्यास सरकारने केला आहे. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत करून नागपूर राजधानी केली आणि उन्हाळा लागताच दप्तर पचमढीला नेण्याची सोयही करून ठेवली. पुढे १९५३ चा नागपूर करार झाला, विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, आणि ते डिसेंबरात येऊन स्थिरावलं. एकविसाव्या शतकातला कुठलाही मानक आयोग याहून अचूक महिना काढू शकणार नाही. जुलै २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन इथे घेऊन पाहिलं, तर विधानभवनाच्या वीजखोलीत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज थांबवावं लागलं. मेचा प्रयोग अजून कुणी करून पाहिलेला नाही. नवतप्यात एक अधिवेशन ठेवा, एवढीच विदर्भाची मागणी असायला पाहिजे; बाकीच्या मागण्या तीन दिवसांत मंजूर होतील.

घराघरांत आता एसी आलाय. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी आपोआप २४ वर सुरू व्हावा असा केंद्राचा नियम आहे, आणि २०२५ मध्ये तर २० च्या खाली जाताच येणार नाही असे एसी करायचा विचार जाहीर झाला. एका अंशाने किती वीज वाचते याची पत्रकं मोठ्या काकांनी जपून ठेवली आहेत, कारण बिल ते भरतात. पण रिमोट काकूंकडे असतो. त्या आल्या आल्या अठरावर नेतात, पंखाही लावतात, वर गोधडी घेतात आणि सिरीयल बघतात. नैर्ऋत्येच्या त्या खोलीत काका डोक्याला मफलर गुंडाळून बसलेले मी नवतप्यात पाहिले आहेत.

“चोवीसवर ठेवत जाय नं,” काका म्हणाले. “सरकारनं सांगितलं हाय.”

“काहून जी?” काकू टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या. “सरकारनं कधी तीस पोळ्या लाटल्या मे महिन्यात?”

काकांनी मफलर आणखी एक वेढा घट्ट केला आणि मला म्हणाले, “दार लावून घे बे. थंडी चालली बाहेर.”